केस पेपरवर ‘सीएसटी’ लिहिलेला गर्दचा पेशंट

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांचे प्रमुख, पदव्युत्तर शिक्षक आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे सदस्य

आदरणीय सर, मॅडम,

माझ्या रेसिडेन्सीच्या तिसऱ्या रात्री कॅज्युअल्टीतून फोन आला. “मॅडम, तुमचा एक गर्दुल्ला आलाय, वर घेऊन जा.” ‘तुमचा’वर जोर होता. मी २००९ साली मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, म्हणून रुजू झाले होते आणि त्या जोराचा अर्थ मला अजून कळायचा होता. खाली गेले तर स्ट्रेचरवर पंचविशीतला मुलगा. नाक-डोळे वाहतायत, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पाय कठड्यावर आपटतोय. वॉर्डबॉय मामा चार हात लांब उभे. माझ्या सीनियरने केस पेपरवर एफ ११ हा अफूवर्गीय व्यसनाचा कोड टाकला आणि वर जाताना लिफ्टमध्ये या विषयाचे पहिले लेक्चर दिले: खिसे आणि चपलांचे तळ तपासून घे, सांगेल त्यातले निम्मे खोटे धर, झोपेची गोळी मागितली तरी वाढवू नकोस. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत लेक्चर संपले होते.

त्या तीन वर्षांत शिकलेले पुष्कळ काही मी विसरले आहे. लिफ्टमधले तीन नियम अजून तोंडपाठ आहेत.

सीनियर वाईट माणूस नव्हता. पुढे एका स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी स्वतःच्या खिशातून एसटीचे भाडे देताना मी त्याला पाहिले आहे. गर्दच्या पेशंटबद्दल त्याला जे माहीत होते ते त्याच्या सीनियरने सांगितले होते, बहुधा त्याच लिफ्टमध्ये. आणि दोन वर्षांनी मीही माझ्या ज्युनियरला तेच सांगितले. त्याची लाज वाटते म्हणून हे पत्र लिहिते आहे, असे म्हटले तरी चालेल.

विषय अफू आणि तिच्या भावंडांच्या व्यसनाचा आहे. गर्द (म्हणजे हेरॉइन), खोकल्याची कोडिनवाली औषधे, ट्रामाडॉल, सुईने घ्यायची वेदनाशामके, सगळे त्यात आले. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशातले सुमारे २.१ टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास माणसे, अशी द्रव्ये वापरतात. सगळ्यांत जास्त वापर आता हेरॉइनचा आहे, अफूचा नाही. ज्या मोजक्या राज्यांमध्ये निम्म्याहून अधिक गंभीर रुग्ण एकवटले आहेत त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचे नाव आहे. ही यादी मी खुद्द मानसोपचारतज्ज्ञांच्या सभेत वाचून दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, “पंजाब ठीक आहे, आपल्याकडे कुठे एवढं?” आपल्याकडे आहे. फक्त आपल्या ओपीडीत नाही.

का नाही, त्याचे उत्तर पुष्कळसे तुमच्या वॉर्डात सापडेल.

रेसिडेंटला हा पेशंट कधी दिसतो ते बघा. टर्की लागलेली असताना, म्हणजे नशा तुटून अंग तडफडत असताना. घरच्यांनी धरून आणल्यावर. चोरीचा आळ घेऊन, पोलिसाबरोबर. दहा दिवस भरती, त्यात तीन दिवस भांडण, पाचव्या दिवशी डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घ्यायचा हट्ट, सातव्या दिवशी नातेवाईक एक पुडी घेऊन आल्याचा संशय, दहाव्या दिवशी डिस्चार्ज. दोन महिन्यांनी तोच माणूस परत. “आला का पुन्हा!” हे वाक्य मी इतक्या सुरांत ऐकले आहे की त्याचा राग बांधता येईल. जो सावरतो तो परत वॉर्डात येतच नाही, त्यामुळे तो कुणाला दिसत नाही. आजाराचे सगळ्यांत वाईट रूप वारंवार समोर येते आणि डॉक्टरला तोच आजार वाटू लागतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी १९८४ साली याला ‘चिकित्सकाचा भ्रम’ असे नाव दिले. हा लेख तुम्हीच आम्हाला जर्नल क्लबमध्ये वाचायला दिला होता. त्यात स्किझोफ्रेनियाबरोबर दारू आणि अफूच्या व्यसनाचेही नाव होते. तरी आपल्या व्यसनाच्या वॉर्डाला तो लावून पाहावा असे त्या दुपारी कुणाला सुचले नाही, मलाही नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात व्यसनाचा वॉर्ड म्हणजे मुख्यतः दारूचा वॉर्ड. जेआर वन आधी दारू शिकतो आणि त्या साच्यात बाकी सगळे ओततो. दारूचा साचा पक्का आहे. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड चढत्या-उतरत्या मात्रेत, थायमिन, फिट आणि डिलिरियमवर नजर, आठ-दहा दिवसांत शरीर साफ. मग नातेवाइकांची मीटिंग, डायसल्फिरामची संमती, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या) सभांचा पत्ता, आणि शेवटी इच्छाशक्तीवर चार वाक्ये. गर्दचा पेशंट आला की औषधांची नावे बदलतात: क्लोनिडिन, ट्रामाडॉल, अंगदुखीची गोळी, झोपेची गोळी. साचा तोच. दहा दिवस, साफ, घरी.

पण दारूत जिवाला धोका सोडताना असतो आणि गर्दमध्ये सोडल्यानंतर. टर्कीने माणूस हैराण होतो, लोळतो, शिव्या देतो, पण सहसा मरत नाही. दहा दिवसांनी तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या शरीराची सवय उतरलेली असते आणि ओढ मात्र तशीच असते. पहिल्याच आठवड्यात जुन्या मित्राबरोबर जुन्या मात्रेची सुई घेतली तर श्वास थांबतो. म्हणजे आपण त्याला यशस्वीरीत्या डिटॉक्स करतो, म्हणजे शरीरातून नशा उतरवतो, आणि नेमके त्यामुळेच त्याच्या मरणाची शक्यता वाढवून घरी पाठवतो. हे वाक्य परीक्षेत विचारले तर तुमचा कुठलाही जेआर थ्री बरोबर लिहील. डिस्चार्ज कार्ड लिहिताना त्याला ते आठवत नाही.

मलाही आठवले नव्हते. दुसऱ्या वर्षी माझ्या युनिटला सुईने घेणारा एक पेशंट होता, विशीतला, शांत. भांडण नाही, काही नाही. दहा दिवस पुरे केले. कार्डावर मी ‘इम्प्रूव्हड’ लिहिले आणि राउंडला शाबासकी मिळाली. साधारण तीन आठवड्यांनी त्याचा भाऊ आला. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हवी होती, पोलिसांना दाखवायला. सार्वजनिक शौचालयात सापडला होता, कडी आतून. मी झेरॉक्स दिली, शिक्का मारला. युनिटमध्ये सांगितले तेव्हा दोन क्षण शांतता झाली आणि पुढचा पेशंट आत आला. प्रसूतीनंतर बाई दगावली तर ऑडिट होते, शस्त्रक्रियेनंतर पेशंट गेला तर मीटिंग होते. डिटॉक्सनंतर गेला तर त्याला मोजायलासुद्धा कुणी नसते, कारण आमच्या रजिस्टरात तो बरा होऊन गेलेला असतो.

त्याच आवारात, दोन इमारती पलीकडे, ओएसटी केंद्र होते, म्हणजे अफूवर्गीय नशेला पर्यायी औषध देणारे केंद्र. नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने एचआयव्ही रोखण्यासाठी सुईने नशा करणाऱ्यांना जिभेखाली ब्यूप्रेनॉर्फिन द्यायचा कार्यक्रम २००७-०८च्या सुमारास हाती घेतला, त्यातले एक. तिथे एक डॉक्टर, एक नर्स, एक समुपदेशक आणि रोज सकाळी गोळीसाठी येणाऱ्यांची रांग. आम्ही रेसिडेंट चहाला जाताना त्या रांगेवरून रोज जायचो. तीन वर्षांत एकदाही आत गेलो नाही. कारण ते केंद्र ‘एड्सवाल्यांचे’ होते आणि आमचा वॉर्ड ‘मानसोपचाराचा’. शिवाय तिथे फक्त सुईवाल्यांना प्रवेश. मुंबईतले बहुसंख्य पन्नीवर गर्द ओढणारे, त्यांना तिथेही दार बंद. पुनर्वसन केंद्रांचे अनुदान वेगळ्याच मंत्रालयाकडून. हे तुकडे दिल्लीत पडले आहेत, ते जोडणे तुमच्या हातात नाही, मान्य. पण दोन इमारतींमधले अंतर चालून जायला मंत्रालय लागत नव्हते.

ब्यूप्रेनॉर्फिन मी पहिल्यांदा हाताळले ते तिसऱ्या वर्षी, आणि त्याची कथा तुमच्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. आमचे एक लेक्चरर प्रशिक्षण घेऊन आले होते, त्यांनी औषध मिळवले. पहिला पेशंट माझा. मी गोळी दिली आणि अर्ध्या-पाऊण तासात तो पेटला. घाम, उलट्या, पोटात पेटके, “काय दिलंत मला?” अशी बोंब. सीनियर म्हणाला नाटक आहे, सिस्टर म्हणाल्या असं औषध कशाला देता, आणि तो पेशंट सही न करताच पळाला. विभागात ठरून गेले, ब्यूप्रेनॉर्फिन आपल्याकडे चालत नाही. पुढची कित्येक वर्षे ते तिथे चालले नाही.

चूक माझी होती. त्याने शेवटची पुडी ओढल्याला चार तासही झाले नव्हते. मी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले असते तरी, लिफ्टच्या नियमाप्रमाणे, निम्मे खोटे धरले असते. ब्यूप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ग्राहीला घट्ट चिकटते, पण त्याला अर्धवटच उत्तेजित करते. हेरॉइन अजून तिथे बसलेले असताना ते दिले तर ते हेरॉइनला खुर्चीवरून ढकलते आणि स्वतः अर्ध्याच ताकदीने बसते, म्हणून एका झटक्यात टर्की लागते. त्यासाठी थांबायचे असते. गर्दवाल्याला आठ-बारा तास, मेथाडोन या दुसऱ्या पर्यायी औषधावर असलेल्याला त्याहून खूप जास्त. बाहुल्या मोठ्या झाल्या का, काटा आला का, जांभया सुरू झाल्या का, हे गुण देऊन मोजायचे असते. मग दोन किंवा चार मिलिग्रॅम, तासाभराने पुन्हा बघायचे, गरज असेल तर पुन्हा द्यायचे. एवढेच. शिरेत सुई टाकण्यापेक्षा सोपे. पण शिरेत सुई टाकताना पहिल्यांदा कुणीतरी शेजारी उभे असते.

मला नेहमी वाटते, ईसीटी (शॉक उपचार) आपण कसे शिकवतो आणि हे कसे. ईसीटीला पहिल्या दहा वेळा सर स्वतः हजर, इलेक्ट्रोड कुठे, आकडी किती सेकंद, सगळे हात धरून. पेशंटच्या घरच्यांच्या मनातली भीती कशी घालवायची याचाही सराव. त्यामुळे आपला रेसिडेंट ईसीटीबद्दल जगाशी भांडायला तयार असतो. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाचे तसेच. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी घसरल्या तर थांबवायचे, ही कटकट आपण अभिमानाने शिकवतो. आणि तोच रेसिडेंट ब्यूप्रेनॉर्फिनबद्दल म्हणतो, “फार व्याप आहे हो त्याचा.” मूडच्या आजारासाठी लिथियमवर पंधरा वर्षे असलेल्या बाईंना आपण “अजून किती दिवस घेणार?” असे विचारत नाही. उलट त्यांनी बंद करायचा विषय काढला की आपल्या पोटात गोळा येतो. ब्यूप्रेनॉर्फिनवर सहा महिने नीट चाललेल्या माणसाला मात्र आपणच विचारतो, आता कमी करूया का? त्याच्या बायकोच्याही आधी आपण विचारतो. आणि मात्रा तरी पुरेशी देतो का? दोन-चार मिलिग्रॅमवर अडकवून ठेवायचे, ओढ शमली नाही म्हणून त्याने वरून गर्द ओढला की लघवीची तपासणी दाखवून नाव काढून टाकायचे. मधुमेहाच्या ओपीडीत साखर वाढली म्हणून पेशंटला हाकलत नाहीत, एवढे तरी आपण बाजूच्या विभागाकडून शिकू शकलो असतो.

पुरावा नाही म्हणावे तर तसेही नाही. मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून मृत्यूदर मोजला गेला. दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसे वर्षभर पाहिली तर) मेथाडोन चालू असताना ११.३ मृत्यू, उपचाराबाहेर असताना ३६.१. ब्यूप्रेनॉर्फिनसाठी ४.३ आणि ९.५. आपल्या शाखेत एवढा फरक दाखवणारी औषधे किती आहेत, हा प्रश्न एखाद्या वायवात विचारून बघा.

“पण डॉक्टर, कायदा?” हो, कायदा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५चा आहे आणि त्याची भीती खरी आहे. ती भीती आम्ही कुठे शिकलो? फार्मसीतल्या कुलूपबंद कपाटासमोर, “त्याला हात लावू नका, पोलिसांचं लफडं होईल” हे ऐकून. तो कायदा मी उघडून वाचला तो रेसिडेन्सी संपल्यावर. कलम २७ हेरॉइन घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा सांगते, हे सगळ्यांना माहीत असते. पण कलम ६४अ, ज्यानुसार नुसत्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, ते किती रेसिडेंटना माहीत आहे? कलम ३९, ज्यानुसार न्यायालय त्याच्या संमतीने त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकते? २०१४च्या दुरुस्तीत उपचाराच्या जोडीला ‘व्यवस्थापन’ हा शब्द मुद्दाम आला, कारण दीर्घकाळ औषधावर ठेवणे हाही उपचार आहे हे संसदेला मान्य करायचे होते. संसद तयार झाली. आपण नाही झालो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि मादक द्रव्यांशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतो, तरीही कॅज्युअल्टीचा ‘तुमचा’ आणि आपला ‘त्यांचा’ अजून चालूच आहे. रजिस्टर कोणते ठेवायचे, साठा कसा दाखवायचा, तपासणीला निरीक्षक आले तर काय मागतात, हे दोन तासांचे शिक्षण आहे. कुणी लेक्चर नको म्हणेल तर कारकुनाला बोलावून शिकवा, ते जास्त नीट शिकवतील.

कायदा हाच अडथळा असता तर अमेरिकेने वेगळे दाखवले असते. तिथे जाऊन पुन्हा रेसिडेन्सी केलेली आपली मराठी मुले-मुली बरीच आहेत, माझी एक बॅचमेटही. ब्यूप्रेनॉर्फिन लिहायला तिथे आठ तासांचे प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी लागायची. ती अट २०२२च्या अखेरीस कायद्याने काढून टाकली. सगळ्यांना वाटले आता पूर येईल. लिहिणारे डॉक्टर थोडे वाढले, औषध मिळणाऱ्या रुग्णांचा आकडा फारसा हलला नाही. चार वर्षांच्या मानसोपचार रेसिडेन्सीत व्यसनासाठी किमान एक महिना, अशी तिथली अट आहे. माझी मैत्रीण म्हणते, तो महिनाही आम्ही डिटॉक्स वॉर्डात काढला, मग परवानगीचा कागद असला काय नि नसला काय, हात थरथरणारच. उलट फ्रान्सने १९९५-९६मध्ये हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांच्या हातात दिले आणि १९९५ ते १९९९ या चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. कधीकधी मला शंका येते, त्यांना यश आले ते त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपली रेसिडेन्सी केली नव्हती म्हणून.

इथे एक गोष्ट सांभाळून बोलायला हवी, कारण महाराष्ट्रात या विषयाला स्वतःचा इतिहास आहे आणि तो अभिमानाचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अफगाणिस्तान-इराणकडून गर्द मुंबईत आला. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ, आणि ती धूळ कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत पोहोचली तेव्हा ‘गर्दुल्ला’ हा शब्द जन्मला. त्याच काळात, २९ ऑगस्ट १९८६ला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून. ज्याला लोक ‘गर्दुल्ला’ म्हणत होते त्याला ‘पेशंट’ म्हणायला, मित्र म्हणायला महाराष्ट्र तिथे शिकला. आमच्यातल्या कित्येकांनी समुपदेशकाचा आवाज कसा असावा हे तिथल्या समुपदेशकांकडून घेतले, ज्यांच्यातले अनेक स्वतः त्या वाटेने आलेले. त्या परंपरेचा पाया पूर्ण व्यसनमुक्ती हा आहे आणि हजारो घरे त्यावर उभी राहिली. तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आपल्याशी आहे. ती परंपरा आपण औषध न देण्याची सबब म्हणून वापरली. सहृदयता त्यांच्याकडे सोपवून दिली आणि आपल्याकडे खिसे तपासणे ठेवले. समूह, कुटुंब, काम, आणि त्याबरोबर जिभेखालची गोळी, हे एकत्र का नसावे? गोळी घेणारा ‘मुक्त’ नव्हेच, असे ज्याला वाटते त्याने तो शौचालयातला मुलगा आठवून बघावा.

हे सगळे मला शहाणपण म्हणून उशिरा मिळाले, आणि फुकट. जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिसला आले, तिथल्या एका मान्यताप्राप्त केंद्रात महिन्यातून काही दिवस बसू लागले, आणि पहिल्यांदा एकच पेशंट सलग पाच-सहा वर्षे पाहिला. रिक्षावाला. पहिली दोन वर्षे उतार-चढाव, दोनदा पुन्हा गर्द, एकदा चार महिने गायब. मग आठ मिलिग्रॅमवर बसला. आधी रोज यायचा, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ओएसटी केंद्रांनाही औषध घरी न्यायला द्यावे लागले होते. तेव्हा आकाश कोसळले नाही, हे बघून आम्हालाही धीर आला. आता तो आला की मी काय विचारते? झोप? बरी. शौचाला? कडक होते, इसबगोल घेतो. रिक्षाचे हप्ते? संपले. घरी? ठीक. आणि मी केस पेपरवर तीन अक्षरे लिहिते: सीएसटी. म्हणजे मुंबईचे जुने स्टेशन नव्हे, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. दीड मिनिटात पेशंट संपतो. इतका कंटाळवाणा गर्दचा पेशंट मी रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत एकही पाहिला नव्हता. पाहिला असता तर माझा पहिला ‘इम्प्रूव्हड’ वेगळा लिहिला गेला असता.

म्हणून मागणे आहे ते एवढेच: तुमच्या रेसिडेंटना हा कंटाळवाणा पेशंट दाखवा. विभागाची स्वतःची मेंटेनन्स ओपीडी, म्हणजे औषध दीर्घकाळ चालू ठेवणारी ओपीडी, हवी, आठवड्यातली एक ठरलेली दुपार. जेआर वनला पहिल्या सहा महिन्यांत चार-पाच पेशंट नावानिशी सोपवा आणि थिसिस जमा होईपर्यंत ते त्याचेच राहू द्या. युनिट बदलले तरी, फिरती बदलली तरी. तीन वर्षांत त्यातला एक गायब होईल, एक पुन्हा गर्दकडे वळेल, कदाचित एक मरेल, आणि दोघांच्या केस पेपरवर सीएसटी येईल. हे सगळे एकाच डॉक्टरने बघायला हवे. वेगवेगळ्या चार डॉक्टरांनी चार तुकडे बघून काही उपयोग नाही. पहिली पाच इंडक्शन्स, म्हणजे ब्यूप्रेनॉर्फिनची सुरुवात, कुणीतरी शेजारी उभे राहून करून घ्या. व्यसनाची फिरती कागदावर असतेच, ती डिटॉक्सच्या वॉर्डात न घालवता ओएसटी केंद्रात आणि पुनर्वसन केंद्रात वाटून द्या. जिल्हा रुग्णालयातले तीन महिने आता सक्तीचे आहेत. बहुतेक मुले ते दिवस एमडीच्या अभ्यासासाठी सुट्टी मिळाली म्हणून काढतात. एमडी म्हटले की हल्ली कॅज्युअल्टीतल्या पोलिसाला मेफेड्रोनची पुडी आठवते, आपल्या पदवीचे नशीब ते! त्या तीन महिन्यांत जिल्ह्यातली एक जरी मेंटेनन्स ओपीडी उभी राहिली तर काम झाले.

आणि परीक्षा. तुम्ही मानाल की न मानाल, मुले परीक्षेसाठी शिकतात. लाँग केसला आजही एक्झामिनर मॅनिया, स्किझोफ्रेनिया, डिप्रेशन शोधतात. व्यसनाचा पेशंट ‘सोपा’ म्हणून शॉर्ट केसला ढकलला जातो. मी स्वतः एक्झामिनरला सांगताना ऐकले आहे, “याला काय विचारायचं, डिटॉक्स लिहील आणि बसेल.” बरोबर, डिटॉक्स लिहिलाच त्याने. एकदा एफ ११ लाँग केस म्हणून द्या. “दहाव्या दिवशी घरी सोडणार म्हणता, मग अकराव्या दिवशी काय?” एवढा एकच प्रश्न विचारा. दोन वर्षांत ही बातमी सगळ्या हॉस्टेलांवर पोहोचेल. जुन्या प्रश्नपत्रिका फिरतात त्याच वेगाने.

दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय, बेंगळुरूचे निम्हान्स इथे व्यसन-मानसोपचारात स्वतंत्र डीएम (एमडीपुढची पदवी) करता येते, म्हणून ‘ते स्पेशालिस्टांचे काम’ असे म्हणण्याची नवी सोय झाली आहे. एम्सच्या त्या पाहणीनुसार अवैध द्रव्यांवर अवलंबून असलेल्या वीसजणांमागे एकालाच कधी भरती होऊन उपचार मिळतात. उरलेले एकोणीस डीएमची वाट बघत बसले तर आपण सगळे निवृत्त होऊ. त्यांना पहिल्यांदा भेटणार आहे तो तुमचा जेआर वन, रात्री दोन वाजता, लिफ्टच्या खाली.

आमच्या केंद्रावर मेंटेनन्सची ओपीडी दर मंगळवारी दुपारी असते. तुमच्यापैकी कुणाला तुमच्या नव्या बॅचमधली एक-दोन मुले पाठवायची असतील तर पत्र किंवा परिपत्रकाची गरज नाही, नुसते पाठवा. रिक्षावाल्याला मी विचारले आहे, त्याची हरकत नाही. म्हणाला, शिकणारी पोरं आहेत, बसू दे. खोली लहान आहे, खुर्च्या दोनच आहेत. तिसरी शेजारच्या गोळ्यांच्या खिडकीतून आणून ठेवते.

आपली,
तुमच्याच एका जुन्या बॅचची विद्यार्थिनी